आधी पाणी, मग दूध

आषाढ, मंगळवार रात्र

घरचा चहा बेचव झाला की लोक आधी चहापूड बदलतात. पूड महत्त्वाची आहेच, पण चहा जास्त बिघडतो तो क्रम चुकल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. पाणी, दूध, साखर, पूड, आलं सगळं एकदम पातेल्यात घालायचं, गॅस मोठा करायचा आणि डबे भरायला वळायचं, अशी मुंबईतल्या कितीतरी घरांतली सकाळ असते. लोकल गाठायची असते, ते मला कळतं. पण त्या चहाला नुसता रंग येतो.

भाची नुकतीच नाशिकहून राहायला आली आहे, अंधेरीत नोकरी लागली म्हणून. काल जेवताना म्हणाली, "आत्या, सामान तर तेच वापरते, मग तुझ्यासारखा चहा मला का जमत नाही गं?" आज सकाळी तिला ओट्यापाशी उभं केलं आणि सावकाश सगळं दाखवलं. इतकी वर्षं हात जे आपसूक करतो ते तोंडाने सांगावं लागलं, म्हणून इथे उतरवून ठेवते आहे.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान. भातसा, तानसा, वैतरणा, विहार अशा सात तलावांत साठलेलं पावसाचं पाणी आपल्या नळाला येतं, आणि ते मऊ असतं. हे मला खरं कळतं ते मे महिन्यात. पाणीकपात सुरू झाली की सोसायटीत टँकर येतो, आणि बोअरचं पाणी टाकीत मिसळलं की त्याच पुडीच्या चहावर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा धरतो. पुष्कळांना ती साय वाटते. पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं मिळून तो तवंग तयार होतो, आणि चवही मंदावते.

दोन कपांसाठी मी दीड कप पाणी ठेवते आणि बोटाच्या पेराएवढं आलं खलबत्त्यात ठेचून त्यातच टाकते. आलं आधी पाण्यातच का, हे भाचीला माहीत नव्हतं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. ते थेट दुधात गेलं तर दूध फाटू शकतं. खळखळत्या पाण्यात ते निकामी होतं आणि आल्याचा तिखटपणा तेवढा पाण्यात उतरतो. त्यामुळे पाणी पिवळसर होऊन वास घरभर पसरेपर्यंत, दोन-तीन मिनिटं तरी, पुढे जायचं नाही.

मग पूड. आम्ही दुकानातून खुला चहा आणतो, ममरीत थोडी डस्ट, म्हणजे चहाची बारीक भुकटी, मिसळून. ममरी म्हणजे आसामची ती गोल बारीक दाणेदार पूड. ती सीटीसी, म्हणजे 'क्रश, टेअर, कर्ल', यंत्रावर तयार होते. विल्यम मॅकर्चर यांनी 1930 च्या दशकात आसामात ते यंत्र बनवलं. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दातेरी रुळांतून पान चिरडून, फाडून, वळवून निघतं. असं मोडलेलं पान पाण्याला रंग आणि कडकपणा भराभर देतं, म्हणून आपला दुधाचा चहा त्याच्याशिवाय उभा राहत नाही. दार्जिलिंगचं नाजूक पान उकळून त्यात दूध ओतणं मला बघवत नाही. त्याला गरम पाण्यात नुसतं मुरू द्यावं.

दोन कपांना दोन लहान चमचे पूड आणि सोबत साखर. इथे आच मध्यम करून दोन मिनिटं थांबायचं. ही दोन मिनिटं म्हणजे माझ्या मते सगळा चहा. पानाला जे द्यायचं असतं ते त्याने पाण्याला दिलेलं असलं पाहिजे. दूध लवकर पडलं की उकळी बसते, आणि दुधातली प्रथिनं चहातला तुरटपणा धरून ठेवतात. तो थोडा धरला जायला हवाच, दूध आपण त्यासाठीच घालतो. पण आधी तुरटपणा पुरता उतरलेला तर हवा! भाची सारखी दुधाच्या पातेल्याकडे हात नेत होती आणि मी तिला "थांब, अजून थांब" म्हणत होते.

दूध पाऊण कप, म्हशीचं, आणि गरम. फ्रिजमधलं थंडगार दूध उकळत्या चहात ओतायला माझा सक्त विरोध आहे. शेजारच्या शेगडीवर ते तापत ठेवायला कितीसा वेळ लागतो? दूध पडल्यावर चहा उतू येऊ लागला की आच कमी करायची, खाली बसला की वाढवायची. असं दोन-तीनदा झालं की रंग विटकरी होतो. मग गॅस बंद, झाकण, मिनिटभर दम. गाळताना चोथा चमच्याने दाबायचा नाही, कडवटपणा उतरतो.

वेलची मी रोज घालत नाही. आल्यासोबत ती मला गोंधळल्यासारखी लागते. गवती चहा मात्र या दिवसांत हवाच. भाजीवाल्या मावशींकडे पावसाळ्यात हिरवीगार जुडी मिळते. तीन-चार पाती कात्रीने कापून पहिल्याच पाण्यात टाकायची आणि आलं निम्मं करायचं. संध्याकाळी तो केला. धो-धो पाऊस, गाड्या उशिराने, भाची भिजून आलेली. बाकी सगळं तिनेच केलं, पुडीनंतरची दोन मिनिटंही न सांगता थांबली. पहिल्या घोटाला म्हणाली, "आत्या, हा घशापर्यंत लागतो!" मला फार बरं वाटलं.

दादा-वहिनी पुढच्या महिन्यात येतील तेव्हा त्यांना हाच चहा करून घालायचं तिने ठरवलंय. दादाला साखर चालत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी पूड थोडी कमी घालावी लागेल, नाहीतर बिनसाखरेचा चहा फार तुरट लागतो. आणि पावसात डबा सादळतो. पूड स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवायची, हे तिला सांगायचं राहिलं. उद्या सकाळी सांगेन.