चित्रामागची तारीख

माझ्या कपाटातल्या प्रत्येक चित्राच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने तारीख लिहिलेली आहे आणि तारखेखाली आदल्या रात्री किती तास झोप झाली याचा आकडा आहे. ही सवय लागण्यापूर्वीच्या चित्रांच्या तारखा फोनमधल्या छायाचित्रांवरून, रंगसामानाच्या जुन्या पावत्यांवरून आणि ताईच्या आठवणीवरून शोधून काढाव्या लागल्या, आणि तरीही तीसेक कागदांमागे प्रश्नचिन्हच राहिले. वरवर पाहता हे कारकुनी काम आहे. पण गेली चार वर्षे बायपोलर आजारासोबत (उन्माद आणि खोल विषाद यांच्या फेऱ्या येणाऱ्या मनोविकारासोबत) राहताना मला ज्या थोड्या गोष्टी नीट उमगल्या, त्यांतल्या बहुतेक या कारकुनीतून उमगल्या, म्हणून तिच्याविषयी लिहीत आहे.

बावीस वर्षांची असताना, कलाशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात, मी ११ रात्रींत ९४ चित्रे काढली. झोप न येणे वेगळे आणि झोपेची गरजच न वाटणे वेगळे. पहिल्या प्रकारात माणूस सकाळी मोडून जातो, दुसऱ्यात तो पहाटे चार वाजता अंघोळ करून, कागद पसरून, आपल्याला आजवर कोणी ओळखलेच नव्हते अशा खात्रीने कामाला बसतो. मला रंगांच्या नावांत संदेश दिसू लागले होते, आणि ते फक्त माझ्यासाठी आहेत याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. घरात सर्वांना वाटत होते की पोरगी मन लावून काम करते आहे. रात्री तीन वाजता मी पाठवलेले लांबलचक, एकमेकांशी संबंध नसलेले निरोप वाचून पहिल्यांदा घाबरली ती ताई, आणि तिनेच आई-बाबांना समजावून मला रुग्णालयात नेले. वॉर्डात पेन्सिल मिळत नसे, कारण तिला टोक असते आणि टोक करायच्या यंत्राला पाते असते. मिळाले ते मेणाचे जाड खडू. पाच आठवडे मी लहान मुलांसारखी त्या खडूंनी चित्रे काढली आणि त्याचा मला भयंकर अपमान वाटत असे.

त्यानंतर जे आले त्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, जुन्या मराठीत विषाद असा एक नेमका शब्द आहे. लोकांची अशी समजूत असते की दुःखी चित्रकार दुःखाची चित्रे काढतो. दुःखात काढत असेलही. विषादात काढत नाही. ड्रॉइंग बोर्डाला लावलेला एकच कोरा कागद सात महिने तसाच राहिला आणि चिमट्याखालचा भाग सोडून बाकीचा पिवळा पडला. पेन्सिल उचलावी की नाही हा प्रश्न सकाळी पडे आणि संध्याकाळपर्यंत सुटत नसे. मरणाचे विचार रोज येऊ लागले तेव्हा मी ते एकदाच, भिंतीकडे तोंड करून, ताईला सांगितले. ती काही न बोलता चप्पल घालून उभी राहिली आणि त्याच दिवशी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. माझ्या हातून त्या वर्षात झालेले सर्वांत शहाणपणाचे काम म्हणजे ते एक वाक्य बोलणे होते.

उपचार म्हणून मला लिथियम मिळाले. हे कोणा कारखान्यात रचलेले गुंतागुंतीचे रसायन नाही, खनिजांत सापडणारे साधे मूलद्रव्य आहे, आणि उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. त्याची अडचण अशी की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते, त्यामुळे ते घेणाऱ्याच्या रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल एवढेच असावे लागते. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे, मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने करायची, पाणी आणि मीठ एकाएकी कमी करायचे नाही, आणि अंगदुखीवरची कुठलीही गोळी न विचारता घ्यायची नाही. एवढे सगळे पाळायला माझी काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती हाताला. लिथियमने काही जणांच्या हाताला बारीक थरथर सुटते, आणि हात नुसता मांडीवर पडलेला असताना ती फारशी जाणवत नाही, पण एखादी नाजूक कृती करायला गेलो की नेमकी तेव्हाच वर येते. मी टाक आणि शाईने काम करत असे. जवळजवळ ओढलेल्या समांतर रेषांनी छाया भरणे हा माझा एकमेव हुकमी गुण होता, आणि त्या रेषा आता पाण्यावर ओढल्यासारख्या दिसू लागल्या.

मी कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. यात नवल काहीच नाही, पुष्कळ जण करतात, आणि लिथियम एकदम सोडले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो हे मला सांगितलेले होते. दोन महिन्यांच्या आत मी पुन्हा त्याच वॉर्डात होते, पुन्हा मेणाचे खडू हातात घेऊन, आणि या वेळी अपमान वाटण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

दुसऱ्यांदा घरी आल्यावर मी डॉक्टरांना पहिल्यांदा खरे सांगितले: मला बरे व्हायचे आहे, पण माझी रेषा परत हवी आहे. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मात्रा थोडी खाली आणली, जास्त थरथरीच्या दिवसांसाठी प्रोप्रॅनोलॉलची लहान गोळी दिली आणि कॉफी कमी करायला सांगितली, मात्र एका दिवसात बंद करू नकोस असे बजावून, कारण कॅफीन एकदम तुटले तर रक्तातले लिथियम वाढू शकते. (औषधाचे गणित इतके घरगुती गोष्टींवर अवलंबून असते हे मला तेव्हा जवळजवळ विनोदी वाटले होते.) मग त्यांनी मोगेन्स शू या डॅनिश मनोविकारतज्ज्ञांच्या एका अभ्यासाविषयी सांगितले. लिथियम घेणाऱ्या २४ लेखक-कलावंतांना त्यांनी तुमच्या निर्मितीचे काय झाले असे विचारले होते, आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार १२ जणांनी काम वाढले असे सांगितले, ६ जणांनी फरक पडला नाही असे, आणि ६ जणांनी कमी झाले असे. मी अर्थातच शेवटच्या सहांवर बोट ठेवले. डॉक्टर म्हणाल्या, “तू त्या सहांतली असलीस तर आपण त्यावर जरूर बोलू. पण तू कोणत्या गटातली आहेस हे ठरवणार कशावरून? तुझ्याकडे मोजायला आहे काय?”

मोजायला काहीच नव्हते. चित्रांचा ढीग होता आणि त्या ढिगाविषयीची माझी एक समजूत होती: तेजस्वी चित्रे आजारातली, निस्तेज चित्रे गोळ्यांनंतरची.

याच सुमारास मला लुई वेनची मांजरे आठवली. शिकत असताना वर्गात पडद्यावर दाखवलेली ती आठ चित्रे मी कधी विसरले नव्हते. सुरुवातीला गोंडस, टपोऱ्या डोळ्यांचे मांजर, मग केस विस्कटलेले आणि नजर रोखलेली, आणि शेवटी मांजर उरतच नाही, नुसत्या रंगीत टोकदार आकृत्यांची जाळी उरते. स्किझोफ्रेनियात मन कसे ढासळत जाते ते पाहा, असे आम्हाला सांगण्यात आले होते आणि आम्ही सगळे गप्प बसलो होतो. वेन हा इंग्रज चित्रकार १८६० मध्ये जन्मला, मांजरांच्या चित्रांनी अतोनात लोकप्रिय झाला, १९२४ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १९३९ मध्ये तो वारला, एवढे खरे आहे. क्रम मात्र खरा नाही. वॉल्टर मॅक्ले नावाच्या मनोविकारतज्ज्ञाला ती चित्रे एका दुकानात मिळाली होती, त्यांच्यावर तारखा नव्हत्या, आणि साध्याकडून विचित्राकडे अशी मांडणी त्याने स्वतः केली. पाठ्यपुस्तकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या छापली. वेनने रुग्णालयातल्या वर्षांतही नेहमीसारखी मांजरे काढली होती, आणि त्याची आई गालिच्यांचे नमुने तयार करत असे, म्हणजे त्या जाळीदार आकृत्यांचे मूळ आजाराखेरीज दुसरीकडेही असू शकते. ज्या चित्रावर तारीख नसते त्याची गोष्ट दुसरेच कोणीतरी रचते, आणि ती गोष्ट बहुधा त्या माणसाला आधीच पाठ असते.

मग ताई आणि मी एका रविवारी सगळे कागद जमिनीवर पसरले. कागदांवरून चालायचे नाही म्हणून ती भिंतीला चिकटून उभी राहून फोनमधल्या तारखा वाचत होती आणि मी लिहीत होते. त्या ११ रात्रींतल्या ९४ चित्रांपैकी ठेवावीत अशी तीन निघाली, आणि तिन्ही पहिल्या दोन रात्रींतली. बाकीच्या कागदांवर एकच भोवरा पुन्हा पुन्हा होता, फक्त दर वेळी आधीपेक्षा घाईत काढलेला. तो काढताना मला दर वेळी नवा शोध लागल्यासारखे वाटले होते हे मला स्वच्छ आठवते. उलट रिकाम्या खुर्च्यांची जी मालिका मी माझे सर्वांत चांगले काम समजते, आणि जी आजाराच्या ऐन भरातली असावी असे मी गृहीत धरले होते, ती दुसऱ्या वेळी घरी आल्यानंतरच्या, माझ्या आठवणीत राखाडी आणि सुस्त असलेल्या महिन्यांतली निघाली. माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास त्या दिवशी पुष्कळ कमी झाला आणि तारखांवरचा वाढला.

हिशेब पूर्णपणे माझ्या बाजूने लागला असे मात्र म्हणता येणार नाही. त्या तीनपैकी एक चित्र, एका हाताचे, इतके बिनधास्त आणि इतके अचूक आहे की तसे मला आज काढता येत नाही, आणि मी प्रयत्न केला नाही असे नाही. ते कसब मी हरवले आहे. त्याच्या बदल्यात काय मिळाले हे सांगून त्या हरवण्यावर पांघरूण घालावे असे मला वाटत नाही.

आजारातूनच थोर चित्रे निघतात म्हणून चित्रकार व्हॅन गॉगचे उदाहरण मला अनेकांनी दिले आहे, बहुधा धीर देण्यासाठी. त्याच्या बाबतीत आपल्या हाती तारखा आहेत, कारण तो भाऊ थिओला सतत पत्रे लिहीत असे, आणि त्या तारखा वेगळेच सांगतात. मे १८८९ मध्ये तो फ्रान्समधल्या सेंट-रेमी इथल्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभरात त्याने सुमारे १५० चित्रे रंगवली. पण त्या जुलैत झटका आला तेव्हा त्याने रंग तोंडात घातले, आणि त्यानंतर काही आठवडे त्याला रंगांना हात लावू दिला गेला नाही. झटक्यांच्या काळात तो काम करू शकत नसे. जगाने डोक्यावर घेतलेली ती चित्रे दोन झटक्यांच्या मधल्या, बऱ्या दिवसांतली आहेत. अमूर्त चित्रकार ॲग्नेस मार्टिन स्किझोफ्रेनियासोबत जगली. तिने १९६७ मध्ये न्यूयॉर्क सोडले आणि पुढची काही वर्षे चित्र काढलेच नाही, मग पुन्हा सुरू केले आणि नव्वदी ओलांडेपर्यंत चालू ठेवले. तिच्याविषयी वाचल्यावर मी माझा तो पिवळा पडलेला कोरा कागद शोधून काढला, त्याच्या मागे सात महिन्यांच्या दोन्ही टोकांच्या तारखा लिहिल्या आणि तो इतर चित्रांमध्ये, त्याच्या जागी, ठेवून दिला.

टाक मी सोडला. आता कोळसा आणि रुंद ब्रश वापरते, कागद मोठा घेते आणि मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवते, त्यामुळे थरथर बरीचशी जिरून जाते. जी जिरत नाही ती कागदावर उतरते. सुरुवातीला मी अशी रेषा खोडून पुन्हा ओढत असे. आता दोन वेळा ओढते आणि दुसरी अधिक वाईट असेल तर पहिली राहू देते.

या वर्षी एका छोट्या समूह प्रदर्शनात मला एक भिंत मिळाली. मांडणी करणाऱ्या गृहस्थांनी फार आपुलकीने सुचवले की भोवऱ्याची चित्रे आधी आणि खुर्च्या शेवटी अशी रचना करू, भोवऱ्यांवर दिवे मंद ठेवू, म्हणजे अंधारातून उजेडाकडे असा प्रवास दिसेल. भोवरे मी आणलेच नव्हते. मी चित्रे तारखेच्या क्रमाने लावण्याचा आग्रह धरला, कोऱ्या कागदासह, सगळ्यांवर सारखाच उजेड ठेवून, आणि ते शेवटी नाखुषीने तयार झाले. उद्घाटनाच्या संध्याकाळी एक वयस्कर प्रेक्षक बराच वेळ एका खुर्चीसमोर उभे होते. तिच्या पाठीची थरथरती कड त्यांनी बोटाने हवेतच गिरवली आणि मला म्हणाले, “इथे आजार अगदी स्पष्ट दिसतो, नाही?” ते चित्र काढले त्या दिवशीचा रक्तातल्या लिथियमचा अहवाल ०.७ होता आणि आदल्या रात्री मी आठ तास झोपले होते. ती थरथर आजाराची नव्हती, औषधाची होती. सांगावे की नाही याचा मी क्षणभर विचार केला, आणि मग चित्र भिंतीवरून उतरवून त्यांना त्याची मागची बाजू दाखवली.