होल्डॉल

नागपुरात, सीताबर्डीवरच्या दुकानात कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं आणि लेन्स आपली आपण लांब व्हायला लागली. आवाज नाही, घाई नाही. मे महिन्यात सावलीला पडलेल्या कुत्र्याची जीभ बाहेर येते तशी, निवांत. १८ पासून थेट २०० पर्यंत, म्हणजे जवळचं अख्खं दृश्य मावणाऱ्या आकड्यापासून लांबचं ओढून आणणाऱ्या आकड्यापर्यंत.

“घसरते थोडी,” दुकानदार म्हणाला. “पण काच पाहा न भाऊ, फंगस नाही काही नाही.” मोबाइलचा टॉर्च मागून मारून त्यानं दाखवलंही. जुनी लेन्स, पण काच खरंच स्वच्छ होती. छंदावर पंधरा हजारांच्या वर जायचं नाही असा आमच्या घरी ठराव झालेला आहे आणि त्यावर सही माझी एकट्याची नाही. त्यामुळे नवीन लेन्सच्या कपाटाकडे मी पाहतच नव्हतो. म्हणजे पाहत होतो, पण तिरक्या नजरेनं.

एकच लेन्स हवी, हे खूळ डोक्यात बसलं ते मारबतीच्या मिरवणुकीमुळे. माझ्याकडे दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२००. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत दोन्ही घेऊन गेलो. पिवळ्या मारबतीचा पुतळा अंगावर येईल इतक्या जवळ, गच्चीवरची म्हातारी लांब, आणि ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्यांत कुणाचा तरी कोपर कायम माझ्या बरगडीत. त्या गर्दीत, त्या धुळीत मी लेन्स बदलली. रोगराई, ईडा, पीडा सगळं गावाबाहेर नेणारी मारबत एक पीडा माझ्या सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चकतीवर, ठेवून गेली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक आकाशात, फुटाळ्याचं असो की रामटेकचं, उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका असतो. अनोळखी लोक त्याला घार समजतात. मीही हल्ली खुलासा करत नाही.

तर एकच लेन्स. जवळचं, लांबचं, सगळं तिच्यातच. दुकानात तिच्याकडे पाहता पाहता मला बाबांचा होल्डॉल आठवला.

खाकी कॅनव्हासचा, दोन चामडी पट्ट्यांचा, दोन्ही टोकांना खोल खिसे असलेला. प्रवास दोन दिवसांचा असो की पंधरा, त्यात सगळं जायचं. गादी, चादरी, तांब्या, सुतळी, मेणबत्ती. एकदा हातोडी निघाली. “उतरू तिथे खुंटी नसली तर?” असं बाबांचं म्हणणं. आई एकेक वस्तू बाहेर काढायची आणि बाबा “असू दे, असू दे” म्हणत परत कोंबायचे. मग मी वर बसायचं, बाबांनी गुडघा रोवायचा आणि पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढायचा. स्टेशनवर कुली आधी होल्डॉलकडे बघायचा, मग बाबांकडे, मग भाव सांगायचा.

खरं म्हणजे ती वस्तू कशातच धड नव्हती. गादी म्हणून पातळ, पेटी म्हणून बेढब. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये तो उलगडून झोपलं, की भुसावळ येईपर्यंत मेणबत्ती पाठीला टोचत राहायची.

या लेन्सबद्दलही जाणकार हेच बोलतात. १८ वर दाराच्या चौकटी पोटुशा दिसतात. २०० वर चित्र जरा मऊ पडतं, आणि उजेड आत घेणारं छिद्र ३.५ वरून ६.३ वर आलेलं असतं (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), म्हणजे उजेड एक तृतीयांशाहूनही कमी. अकरा पट झूम एका नळीत कोंबायचा तर कुठे ना कुठे मेणबत्ती टोचणारच. माझा एक मित्र लग्नांचे फोटो काढतो. तो या लेन्सना लेन्स म्हणतच नाही, ‘मिसळ’ म्हणतो. नागपूरच्या माणसानं तर्रीपोहे सोडून मिसळीला नावं ठेवावीत, हे मला तसंही पटलेलं नाही.

वाघाचं म्हणाल तर २०० तिथे पुरत नाही, हे मला ठाऊक आहे. पेंचला भल्या पहाटे ५५-२०० नं काढलेला वाघ मी भाचीला मोठ्या कौतुकानं दाखवला होता. तिनं फोटो नीट पाहिला आणि विचारलं, “मामा, वाघ कुठे आहे?”

“रबर लावून घ्या न,” दुकानदार म्हणाला, “काही घसरत नाही मग.” इतकं हिशेब करून आलेला मी, त्या वाक्यावर पैसे काढून मोकळा झालो.

घरी येऊन सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीचं रबर शोधलं. आमच्याकडे अशी रबरं फ्रिजच्या मुठीला अडकवलेली असतात, डझनावारी. एक काढून झूमच्या कडीवर आणि पुढच्या नळीवर अर्धं-अर्धं बसवलं. घसरणं थांबलं.

संध्याकाळी बाबांनी कॅमेरा मांडीवर घेतला. आता त्यांना बारीक दिसत नाही, पण बोटांना रबर लागलं. ते त्यांनी ओढून पाहिलं, सैल वाटलं असावं. मला दुसरं आणायला लावलं, जाडसर, आणि दोन वेढे देऊन घट्ट बसवलं.

आता झूम फिरतच नाही. ३५ वर अडकलाय. असू दे.