एकाच दिवशी पाच भाग

व्हिडिओ संपादन आणि चॅनेलचे नियोजन हा माझा व्यवसाय आहे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या यूट्यूब चॅनेलचे काम माझ्याकडे आले, तेव्हा रोज एक व्हिडिओ टाकायचाच या निश्चयापायी त्या रात्र-रात्र जागत होत्या आणि तरीही प्रेक्षक वाढत नव्हते. त्यातच त्यांनी प्रकाशाच्या अपवर्तनावरील एका दीर्घ व्याख्यानाचे पाच भाग करून ते सगळे एकाच दिवशी प्रसिद्ध केले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "शेवटचे दोन भाग कुणापर्यंत पोहोचलेच नाहीत हो. चॅनेल दाबले जात आहे का?"

आम्ही यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेलची आकडेवारी दाखवणारे यूट्यूबचे पान, उघडून बसलो. एक कारण सरळ होते: घंटी दाबून ठेवलेल्या सबस्क्रायबरलाही एका चॅनेलकडून 24 तासांत जास्तीत जास्त तीनच सूचना जातात, त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या भागाची सूचना कुणाला गेलीच नव्हती. मला मात्र प्रेक्षक किती वेळ टिकले हे दाखवणारा आलेख अधिक महत्त्वाचा वाटला. पहिल्या भागाची रेषा मिनिटभरातच कोसळली होती, आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम पुढच्या चार भागांत काय शिकवणार आहेत ते सांगत होत्या. चौथा भाग मोजक्याच लोकांनी पाहिला असला, तरी त्याची रेषा जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहिली होती, कारण त्याची सुरुवातच पाण्याच्या धारेतून वळत जाणाऱ्या लेसरच्या किरणाने होत होती. इतका चांगला व्हिडिओ गर्दीत हरवला याचे मला मनापासून वाईट वाटले.

"पण आठवड्याला एकच टाकला तर चॅनेल मागे नाही का पडणार?" मॅडमनी विचारले. मी त्यांना सांगितले की, यूट्यूबने 2012 मध्येच निव्वळ व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला अधिक महत्त्व द्यायला सुरुवात केली, आणि शिफारशी ठरतात त्या प्रत्येक व्हिडिओला मिळणाऱ्या प्रेक्षकांच्या प्रतिसादावर. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तासांचे वॉच टाइम, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज लागतात. त्यात रोज व्हिडिओ टाकण्याची अट कुठेच नाही. त्याआधीच्या, 500 सबस्क्रायबरच्या टप्प्यावर अपलोडची अट आहे खरी, पण तीसुद्धा 90 दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओंची, म्हणजे महिन्याला साधारण एक. बातम्या देणाऱ्या चॅनेलला रोज यावेच लागते, कारण त्यांचा विषय दुसऱ्या दिवशी शिळा होतो. अपवर्तनाचे तसे नसते.

मग मी त्यांना विचारले की, सर्वांत जास्त वेळ कशात जातो. चित्रीकरणात नव्हे, तर प्रयोग मनासारखा जमेपर्यंत, असे त्या म्हणाल्या; म्हणून प्रयोगाच्या तयारीलाच धरून आम्ही आठवड्याला एक व्हिडिओ असा वेग ठरवला. लेसरच्या प्रयोगाचा व्हिडिओ नव्याने चित्रित करून, 'भाग चौथा' हे शब्द काढून, प्रश्नार्थक शीर्षकाने स्वतंत्रपणे टाकायचे ठरले. त्याच्या पुढचा आठवडा भिंगांसाठी राखला आणि त्यानंतरचा मुद्दाम रिकामा ठेवला, कारण तेव्हा मॅडमना उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या.