पुणे सोडलं, अन् फाईल बँकेत अडकली: माझा अनुभव

पुणे सोडायचं की नाही हे ठरवायला मला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ माझ्या हळद-पूड युनिटच्या कर्जाची फाईल गावाकडच्या एका बँकेच्या शाखेत पडून होती. नातेवाईक, मैत्रिणी, जुने सहकारी सगळे एकच विचारतात, "एवढी चांगली नोकरी सोडायची हिंमत कशी झाली?" नोकरी सोडायला एक ईमेल पुरला. खरा कस त्या शाखेतल्या बाकड्यावर लागला, आणि तिथं पुढच्या कुणाचा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

मी वसमत तालुक्यातली. इंजिनिअरिंग झाल्यावर हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. सोडली तेव्हा वय २७. घरी हळद. वसमत-हिंगोलीचा हा सगळा पट्टाच हळदीचा, २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. आजोबांच्या काळात आमची हळद सांगलीला जायची, अण्णा, म्हणजे माझे वडील, हिंगोलीच्या मार्केट यार्डात नेतात. जाते मात्र पोत्यातली कांडीच, म्हणजे वाळलेली अख्खी हळद. पूड करून पाकिटात भरली की जे चार पैसे वाढतात, ते आमच्या गावात कुणाच्या हाती लागत नव्हते.

भूमकर चौकातली गर्दी आणि वाकडमधलं भाडं यांना कंटाळून मी आले असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मला माझं काम आवडत होतं. लॉकडाऊनमध्ये घरून काम करताना एका हंगामात हळद शिजवण्यापासून ढोलात पॉलिश करेपर्यंत सगळं पहिल्यांदा नीट बघितलं. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल होते, हे लहानपणापासून ऐकलेलं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मग थोडी दळून आणली आणि पुण्यात ऑफिसमधल्या लोकांना दिली. पहिल्यांदा त्यांनी ओळखीखातर घेतली. दिवाळीनंतर त्यातल्याच बऱ्याच जणांनी स्वतःहून परत मागितली, तेव्हा माझं ठरलं. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांना एवढंच सांगेन, नोकरी असतानाच माल विकून बघा, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं का याकडे लक्ष ठेवा.

घरी आई म्हणाली, "पुण्यात काय कमी पडायलंय तुला?" अण्णा काही बोलले नाहीत, पण अंगणाकडची जुनी खोली रिकामी करून दिली. मामांचं स्थळांचं पालुपद अजून चालू आहे.

योजना कोणती घ्यायची यात अडचण आली नाही. केंद्राची पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. स्वतःचे किमान १० टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. माझा प्रकल्प १० लाखांचा: पल्व्हरायझर (दळायचं मशीन), चाळणी, पॅकिंग मशीन, शेड. माझे १ लाख, कर्ज ९ लाख. कृषी विभागाकडून जिल्हा संसाधन व्यक्ती मिळते, प्रकल्प अहवाल आणि ऑनलाइन अर्ज ती करून देते. तिचं मानधन शासन देतं, आपल्याकडून पैसे घ्यायचे नसतात. आमच्याकडच्या सरांनी काम चोख केलं. अर्ज बँकेकडे गेला, आणि तिथं थांबला.

पहिल्या भेटीत शाखेतले साहेब म्हणाले, तुमचं गाव आमच्या शाखेला दत्तक नाही, म्हणजे आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या शाखेत गेले, तर ते म्हणाले अर्ज पोर्टलवर पहिल्या शाखेच्या नावानं आहे, तिथंच जा. परत आले. मग बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याची प्रमाणपत्रं मागितली, तालुक्यातल्या सगळ्या बँकांची. ती गोळा केली. मग प्रश्न आला, "तुम्ही तर पुण्यात नोकरी करता, युनिट कोण चालवणार?" प्रश्न रास्त होता. राजीनामा दिला, ९० दिवसांचा नोटीस पीरियड पूर्ण केला, रिलीव्हिंग लेटर नेऊन दाखवलं. त्यावर तेच साहेब म्हणाले, "आता तुम्हाला उत्पन्नच नाही. सरकारी नोकरीतला जामीनदार आणा, नाहीतर वडिलांचा सातबारा तारण द्या."

नोकरी आहे म्हणून कर्ज नाही, आणि नोकरी सोडली म्हणूनही नाही. हे ऐकून मी बाहेर येऊन एसटी स्टँडपर्यंत चालत गेले, कारण तिथं बसले असते तर तोंडातून काहीतरी गेलं असतं.

त्याहून लागला तो पुढचा प्रश्न: "मॅडम, लग्न झाल्यावर हे सगळं कोण बघणार?" माझ्या शेजारी बसलेल्या माझ्याच वयाच्या मुलाला डेअरीसाठी कर्ज हवं होतं. त्याला त्याच्या लग्नाचं कुणी विचारलं नाही. माझ्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आयकर रिटर्न, सिबिल स्कोअर सगळं टेबलावर होतं, आणि चर्चा माझ्या सासरची चालली होती.

यात हंगाम निघून गेला. आमच्याकडे हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, शिजवून वाळवून एप्रिल-मेपर्यंत घरात येते. कांडी खरेदी करून ठेवायची ती तेव्हाच. माझ्या हातात पैसे नव्हते, बाजार डोळ्यांदेखत पुढे सरकला. मशीनवाल्याच्या कोटेशनची मुदत संपली, बँकेनं नवीन मागितलं, नवीन आलं ते वाढीव दरानं. त्याच दिवसांत पुण्याहून जुन्या टीम लीडचा फोन आला की जागा आहे, ये परत. मी रात्रभर विचार केला. पगार आठवला. गेले नाही, आणि त्या रात्रीच्या निर्णयाचा मला राजीनाम्यापेक्षा जास्त अभिमान आहे.

शेवटी कोंडी फुटली ती लेखी कागदानं. हे नीट वाचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकांनी तारण घेऊ नये, अशी माझ्या वेळी रिझर्व्ह बँकेची सूचना होती. अशा कर्जाला सीजीटीएमएसईची, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची हमी घेता येते. कर्ज नाकारलं तर कारण लेखी कळवणं हेही बँकेवर बंधनकारक आहे. हे मला संसाधन व्यक्ती असलेल्या सरांनी सांगितलं. मी साधा अर्ज लिहिला: माझा अर्ज अमुक तारखेला आला, त्यावर मंजूर किंवा नामंजूर असा निर्णय कारणासह लेखी द्यावा. एक प्रत शाखेत देऊन दुसरीवर शिक्का मारून पोच घेतली. एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारे अधिकारी), एक कृषी अधीक्षक कार्यालयात. तोंडी बोलणं पुष्कळ झालं होतं, पण फाईल हलली ती शिक्क्याच्या पोचेनंतर. फिल्ड ऑफिसर शेड बघायला घरी आले, चहा घेतला, आणि कर्ज तारणाशिवाय मंजूर झालं. अण्णांच्या सातबाऱ्यावर बोजा चढला नाही. ते पत्र मी देवापुढे ठेवलं नाही, थेट लॅमिनेट करून आणलं.

एक गैरसमज काढून टाका. अनुदान रोख हातात येत नाही. ते कर्जखात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात राहतं, आणि ३ वर्षं कर्ज थकलं नाही तर कर्जात वळतं होतं. माझे साडेतीन लाख त्या खात्यात आहेत, ते धरून हप्त्याचा हिशोब बसवा, खर्चाचा नको.

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात आणि तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बोला, आणि हे पुण्यात असतानाच, सुट्टी काढून करा. कांडीत ओलावा किती राहिला की पूड गोळा धरते, हे मोबाईलवर बघून कळत नाही.

पीएफबद्दल राहिलंच. ५ वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. मी ५ वर्षं पूर्ण होऊ दिली आणि स्वतःचा १ लाखाचा हिस्सा त्यातूनच भरला. क्रेडिट कार्ड नोकरीत असतानाच पूर्ण फेडून बंद करा. रिटर्न दरवर्षी भरत जा, पगार करपात्र नसला तरी. माझ्या फाईलमध्ये सगळ्यात वजनदार कागद तेच ठरले.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन, फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारा एजंट असेल तर उठून या. आणि कोटेशन घेताना मुदत होईल तेवढी लांब लिहून घ्या. मशीनवाले देतात, मागावी लागते.