पुणे ते गुहागर, बाबांच्या स्प्लेंडरवर

बाबांची २००९ ची स्प्लेंडर माझ्याकडे आली तेव्हा टाकीवरची ‘हिरो होंडा’ ही अक्षरं अर्धी पुसली होती. मला गाडीतलं येत होतं ते एवढंच: थंडीत चोक ओढायचा, किक मारायची, पेट्रोल संपलं की कॉक रिझर्व्हला फिरवायचा. बाकी सगळं गॅरेजवाल्याच्या हवाली. मग एका दिवाळीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून तीन रविवार हात काळे केले. ऑइल बदललं, प्लग साफ केला, चेन ओढली, क्लचची वायर नवी घातली. आणि डिसेंबरात, अंगात नको तेवढा आत्मविश्वास घेऊन, भाच्याला मागे बसवलं आणि निघाले.

रस्ता असा: ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. बागमांडल्याहून फेरीने वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ. दुसऱ्या फेरीने धोपावे, तिथून गुहागर. येताना चिपळूण, कुंभार्ली घाट, उंब्रज, पुणे. चार दिवस, सहाशेच्या जरा आत किलोमीटर, दहा-अकरा लिटर पेट्रोल.

पहिली फजिती घाट उतरेपर्यंतच झाली. ताम्हिणी चढताना गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायलाच तयार नव्हती. ९७ सीसीत दोन माणसं आणि दोन सॅक, ते मी समजून घेतलं. पण उतारावर थ्रॉटल सोडला की मागून कण्हल्यासारखा आवाज. निजामपूरला चहाच्या टपरीशेजारी गाडी मेन स्टँडला लावली. स्प्लेंडरची चेन पत्र्याच्या बंद डब्यात असते, त्याला खाली रबराचं बूच असतं. ते काढून आत बोट घातलं. चेन तारेसारखी ताठ!

घरी तर मी मोजूनमापून ओढली होती. सुमारे २५ मिलिमीटर ढील, सगळं पुस्तिकेप्रमाणे. फक्त ती मोजली गाडी रिकामी असताना. माणूस बसला की मागचे शॉकअप दबतात, चाक वर सरकतं आणि उरलेली ढील गायब होते. थोडीफार कमी होणारच, आकडा तेवढं धरूनच दिलेला असतो. पण मी ‘सैल नको बाई’ म्हणून वर आणखी अर्धा फेरा पिळला होता, तो नडला. शिवाय डाव्या-उजव्या पट्टीवरच्या खुणा एका घराने पुढेमागे. म्हणजे चाकही तिरकं.

एक्सलचे नट सैल केले, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे सैल केले आणि भाच्याला बसवून पुन्हा बघितलं. शिवाय चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी बघा आणि जिथे सर्वांत ताठ लागेल तिथे माप धरा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चहा पिऊन निघालो तर मागून ट्रकवाला हॉर्न देऊन खुणावतोय. मागचा ब्रेकलाइट पेटलेलाच. चाक पुढेमागे सरकलं की ब्रेकच्या रॉडचं माप बिघडतं, ते बसवताना मी रॉड जास्त ओढला होता. पायडलला मोकळी चाल उरली नाही आणि लायनर ड्रमला घासत होते. माणगावला हात लावून पाहिलं, मागच्या चाकाचं हब, म्हणजे मधला गोल भाग, चांगलंच तापलं होतं. रॉडचा नट तीन फेरे मागे. चेनला हात लावला की मागचा ब्रेक आणि ब्रेकलाइट बघायचेच, हे आता मी पिशवीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय.

श्रीवर्धनला टाकी भरून घ्या. पुढच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर दापोलीपर्यंत पेट्रोलचा भरवसा धरू नका. फेरीत दुचाकी पुढे घेतात, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून साइड स्टँडला लावा आणि शेजारी उभे राहा. डेकचा पत्रा ओला असतो, तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबू नका.

आता खरा प्रसंग. केळशी सोडून आड्याकडे येताना उजव्या हाताला समुद्र, डावीकडे नारळी-पोफळी, भाचा मोबाइल काढून शूटिंग करतोय आणि गाडीचा मागचा भाग अचानक डुलायला लागला. पंक्चर. ट्यूबचे टायर, त्यामुळे चाक काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

स्प्लेंडरचं मागचं चाक काढणं मात्र वाटतं तितकं अवघड नाही. ब्रेकरॉडचा नट काढायचा, ब्रेकप्लेट अडवून धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट काढायचा, एक्सलचा नट सोडवून एक्सल बाहेर ओढायचा. चेन आणि ती ज्यावर फिरते ते मागचं दात्यांचं चक्र जागेवरच राहतं, त्याला वेगळा स्लीव्ह नट असतो. त्याला हात लावायचा नाही. गाडी जरा कलती धरली की चाक चक्रातून सुटून बाजूला येतं. माझ्या हातात चाक आलं आणि पाठोपाठ हबमधल्या खाचांतली काळी रबरं टपाटप वाळूत. किती होती ते कुणी मोजलंय! भाच्याने ओढणी अंथरली, खाचा मोजल्या आणि तेवढी रबरं वाळूतून वेचली. (ओढणी माझी होती.)

टायर रिमवरून उचकटताना जोर लावू नका. व्हॉलच्या (हवा भरायच्या नळीच्या) समोरची टायरची कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात बसवा, मग व्हॉलकडून टायर उचकटायच्या पट्ट्या घाला. सहज येतं. खिळा शोधायला आतून बोट फिरवू नका, फडकं फिरवा, ते अडकतं. अर्ध्या इंचाचा गंजका चुका निघाला, मासळीच्या पेटीचा असावा.

नवी ट्यूब बरोबर होती. घातली, टायर चढवला, शेवटची वीतभर कड बसेना म्हणून पट्टीवर अंगाचा सगळा भार टाकला. पायपंप मारला. हवा भरते आणि निघून जाते. पट्टीच्या टोकात नवी ट्यूब चिमटून दोन भोकं पडली होती, सापाने चावल्यासारखी. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला शांतपणे बसले आणि भाचा म्हणाला, “मावशी, पंक्चरवाल्याला फोन करूया का?” मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

समोरच्या वाडीतून एक म्हातारेसे काका केव्हापासून बघत उभे होते. आता ते गेटाबाहेर आले.

“अगो, ट्यूब अशी पिचकी घालतात का? जरा फुगव तिला. आकार धरेल एवढीच.”

जुन्या ट्यूबला पॅच मारला. काचकागदाने घासून सोल्यूशन लावलं. काका म्हणाले, “थांब, सुकू दे, घाई नको.” बोटाला चिकटेनासं झाल्यावरच पॅच दाबला. ट्यूब किंचित फुगवून आत बसवली, कड व्हॉलच्या समोरून चढवायला सुरुवात केली आणि व्हॉलपाशी संपवली. शेवटी व्हॉल आत ढकलून पाहिला, खाली ट्यूब अडकली नाही ना म्हणून. शेवटची वीत या खेपेला तळव्यांनीच बसली. पट्टी लागलीच नाही! सगळ्याला मिळून पावणेदोन तास गेले. काकांनी शहाळी पाजली आणि पैसे घेतले नाहीत.

पायपंपाने हवा भरण्याचं काम भाच्याचं. माझ्या गाडीला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीट ४० पीएसआय लागतं. ४० पर्यंत जाताना पोराच्या मांड्या भरून आल्या. गेज मात्र स्वतःचं ठेवा, अंगठ्याने दाबून काहीही कळत नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला, पण गाडी लांब लावून. तिथला खारट चिखल ब्रेकच्या वायरींत गेला की महिन्याभरात गंज धरतो. पुळणीवर तर गाडी नेऊच नका. चेन खराब होते ते सोडा, या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. गुहागरला मुक्कामाच्या घरी बादलीभर गोड्या पाण्याने गाडी धुतली, सुकू दिली आणि बुचाच्या भोकातून चेनवर ९० नंबरचं ऑइल सोडत चाक फिरवलं. सकाळी जांभ्याच्या लाल धुळीने भरलेला एअर फिल्टर बघितला आणि पुण्याला पोचल्यावर पहिलं काम काय ते ठरलं.

चिपळूणला मात्र गॅरेज गाठावं लागलं. इंजिनखाली रुपयाएवढा ऑइलचा डाग दिसत होता. तिथल्या मेकॅनिकने खाली वाकून ऑइल सोडायचा ड्रेनबोल्ट पाहिला.

“ताई, पान्याला पाइप लावला होता काय?”

मी गप्प. भाचा म्हणाला, “हो, लावला होता.”

आटे पुरते गेले नव्हते, नशीब. वायसर चेपून चपटा झाला होता, तो बदलला. बोल्ट बसवून पाना त्याने माझ्याच हातात दिला. हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, मग आखूड पाना मधोमध धरून मनगटाने एक हिसका, बस. अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये लोखंडी बोल्ट असतो, आटे गेले तर खर्च केसिंगचा. ऑइलही जास्त निघालं. बाटली लिटरची म्हणून मी सगळी ओतली होती, आणि ऑइल मोजायची दांडी आटे पिळून आत बसवून पाहिली होती. ती पुसून नुसती टेकवायची असते, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून.

जाणाऱ्यांनी पिशवीत काय ठेवावं? एक्सलच्या नटांना बसणारे पाने, प्लगपाना, पक्कड, टायरच्या दोन पट्ट्या, पायपंप, गेज, एक नवी ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, क्लचची आणि अ‍ॅक्सिलेटरची वायर, प्लग, काचकागद, फडकी. क्लचची नवी वायर जुन्या वायरीला टेपने चिकटवून शेजारूनच ओवून ठेवा, तुटली तर दोन टोकं जोडली की झालं. आणि नेणार त्याच पान्यांनी घरी एकदा मागचं चाक काढून बसवा. माझ्या संचातला मोठा पाना एक्सलच्या नटाला लागतच नव्हता, हे पार्किंगमध्ये कळलं म्हणून बरं, आड्याच्या रस्त्यावर नाही. टपेट, कार्बोरेटर उघडणं वगैरे मी अजून गॅरेजलाच देते.

कुंभार्ली चढताना चेनचा आवाज नव्हता. कोयनानगरला थांबलो तेव्हा भाचा न सांगता मागच्या हबला हात लावून आला आणि म्हणाला, “गार आहे.”