शंभरावं पाऊल

रविवारी दुपारी मटारभात जरा जास्त झाला. जरा म्हणजे किती, तर तिसऱ्यांदा वाढून घेताना मी बायकोच्या नजरेला नजर दिली नाही. हात धुतले तसा सोफ्यावर आडवा झालो आणि दहा मिनिटांत करपट ढेकर घशाशी आला. "शतपावली घाल," आतून आवाज.

घातली. आमच्या फ्लॅटात बेडरूमच्या दारापासून फ्रिजपर्यंत अकरा पावलं. नऊ खेपा म्हणजे ९९. आता गंमत अशी की नववी खेप फ्रिजपाशीच संपते. शंभरावं पाऊल टाकायचं तर दार उघडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि आत श्रीखंड. शतपावलीचा आणि माझ्या पोटाचा संबंध आजवर एवढाच राहिला आहे.

आजोबांना ही अडचण नव्हती. कोकणातल्या घराची पडवी वीस पावलांची. पाच खेपा, शंभर, हिशोब चुकता. पंगत उठली, आचवून झालं की खांद्यावर पंचा टाकून ते निघायचे आणि मागून आम्ही चार नातवंडं, आगगाडीच्या डब्यांसारखी. डावा हात पाठीमागे, उजवा पोटावर. मोजणी मोठ्याने. दर वळणाला थांबून, पोटावरून हात फिरवत, 'अगस्त्यं कुम्भकर्णं च शनिं च वडवानलम्'. पाचवा भीम. जेवण पचावं म्हणून या पाच जणांना आठवायचं. अगस्तींनी वातापी जिरवला, कुंभकर्णाचं आणि भीमाचं काही सांगायलाच नको, वडवानल तर समुद्रात राहूनही न विझणारा. पण शनी यांच्या पंगतीला कसा बसला, हे मला अजून उमगलेलं नाही. विचारलं की आजोबा म्हणायचे, "बेचाळीस." मोजणी चुकता कामा नये.

पोटाबद्दल त्यांची मतं ठाम होती. पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नाला, एक पाण्याला, चौथा वाऱ्याला मोकळा सोडावा, हे वाग्भटाचं. घास बत्तीस वेळा चावावा, हे बहुधा दातांच्या हिशोबाने. शेवटी ताक, कारण ते इंद्रालाही दुर्लभ. आणि मग वामकुक्षी, पण डाव्याच कुशीवर. आम्ही उजवीकडे वळलेले सापडलो की पायाने ढोसून परतायचे, तव्यावरच्या भाकरीसारखे. यात तथ्य होतं म्हणा. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं आणि आंबट वर चढायला कष्ट पडतात. सोफ्यावर मी अर्थातच उजव्या कुशीवर होतो, टीव्ही तिकडे आहे.

एवढं सगळं असूनही कुणाचं पोट दुखलं की आजोबांकडे कुणी जात नसे. आजीकडे जायचं. फडताळातल्या पितळी डब्यातून ती चिमूटभर ओवा काढायची, तळहातावर अंगठ्याने रगडायची, मग सैंधवाचा खडा. "चाव. गिळू नको, चाव." बारावीला केमिस्ट्रीच्या सरांनी थायमॉलची बाटली वर्गात फिरवली तेव्हा मागच्या बाकावर मला एकदम आजीचा तळहात आठवला. ओव्यात तेच असतं. वालाला हिंग सढळ, सुरणाला आमसूल न चुकता, रात्रीच्या कढीत आलं. बारा माणसांची पोटं ती अशी सांभाळून होती. स्वतःला मात्र पित्त. महिन्यातून दोनदा तरी कपाळाला सुंठ उगाळून माजघरात अंधार करून पडलेली असायची, आणि आजोबा आल्यागेल्याला सांगायचे, "हिची प्रकृतीच पित्ताची."

आजीला शतपावली घालताना मी कधी पाहिलं नाही. ती आमच्यानंतर जेवायची. पंगत उठली, खरकटं काढलं, शेण फिरवलं की चुलीपाशी पाट घेऊन बसायची. तोवर पडवीत मोजणी सुरू झालेली असे आणि ती स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येई. शंभर झाले की बाहेरून हाक, "अगं, पान दे." हाकेसरशी आजी हात पुसत, सुपारी कातरत दारात. हाकेला उशीर झाला असं एकदाही झालं नाही. आम्हाला त्याचं कौतुक होतं.

श्रीखंडाचा डबा हातात असताना हे आठवलं. डबा ओट्यावर ठेवला, फोनवर वेळ लावली आणि आजोबांच्या चालीने, वीस पावलांवर थांबून, अगस्तीपासून भीमापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन शंभर पावलं घातली. बायकोने दारातून एकदा डोकावून पाहिलं.

सव्वातीन मिनिटं लागली. एक घास बत्तीस वेळा चावायला अर्धं मिनिट जातं, तेही करून पाहिलं.