अर्धा मिली चीक

माझी मुलगी ३१व्या आठवड्यात झाली. वजन १ किलो ३४० ग्रॅम. ती पेटीत आणि मी दोन मजले खाली, सिझेरियनच्या टाक्यांसह. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "दूध आलं का?" आणि मी नकारार्थी मान हलवायची. बाळ जवळ नसताना ते कसं आणायचं, हे मात्र पहिले दीड दिवस कुणीच सांगितलं नाही. त्याचा राग मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, एक सिस्टर खाली आल्या. "ताई, बाळासाठी चीक द्या."

"मला अजून दूधच नाही आलं."

"दूध कुठे मागतेय? चीक थेंबानंच येतो."

पंप नको म्हणाल्या. एवढा थोडा, घट्ट चीक पंपालाच चिकटून राहतो. अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. ओढायचं नाही. वीस मिनिटांनी एक मिलीच्या सिरिंजमध्ये अर्धा मिली पिवळा चीक जमला. मला रडू आलं. त्यांनी सिरिंज दोन्ही हातांनी धरून वर नेली. त्यातले थेंब त्यांनी बाळाच्या गालांच्या आत लावले, उरलेला नळीतून पोटात गेला.

मग सुरू झालं दर तीन तासांनी दूध काढणं. दिवसरात्र मिळून आठ वेळा. रात्रीचं चुकवायचं नाही, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. मला सुट्टी मिळाली, बाळाला नाही. घरी रात्री दोनचा गजर झाला की सासूबाई उठायच्या. पहिल्या रात्री म्हणाल्या, "बाळ तिकडे, मग झोपमोड कशाला?" मी समजावलं. दुसऱ्या रात्रीपासून वाट्या त्याच उकळून ठेवायला लागल्या. मला येणाऱ्या दुधात सासूबाईंच्या त्या जागरणांचाही वाटा आहे, असं मी मानते.

दवाखान्यात मात्र दूध काढायला जागा नव्हती. आम्ही चार-पाच जणी बाथरूममध्ये उभ्यानं काढायचो. लाखो रुपयांची यंत्रं आत असताना एक पडदा आणि चार खुर्च्या मिळू नयेत? कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना होणारा गंभीर आजार टाळायला आईचं दूध मोठी मदत करतं. ते औषधच असेल, तर ते बनवणारीला बसायला जागा हवी! आपल्याच मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्यांना दूध कमी येतं, त्यांच्या बाळांना अशा पेढीतून दुसऱ्या आयांचं, ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवून पाश्चराइझ, म्हणजे जंतुमुक्त, केलेलं दूध मिळू शकतं. माझ्यासोबतच्या एका आईला हे माहीतच नव्हतं. ती रोज स्वतःला दोष देत बसायची.

सहाव्या दिवशी बाळाला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, कांगारूसारखं. तिचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता. दीड तासानं तिला परत ठेवलं आणि माझं ब्लाऊज भिजलेलं. त्या दुपारी पहिल्यांदा ३० मिली निघालं. रोज कांगारू, मग दूध काढणं, असाच क्रम मी धरला.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या आसपास बसतो, तोवर घाई करायची नाही, असं डॉक्टर सांगायचे. मधल्या काळात सिस्टर आधी दूध काढायला लावायच्या आणि मग तिला रिकाम्या छातीला नुसतं चाटू द्यायच्या. आईनं ट्रंकेतून माझं लहानपणीचं चांदीचं बोंडलं आणलं होतं. सिस्टरांनी ते उकळून घेतलं आणि बाटलीऐवजी त्यानंच थोडं थोडं पाजायला शिकवलं.

बाविसाव्या दिवशी तिनं चार वेळा चोखलं, थांबली, श्वास घेतला, पुन्हा चोखलं. सिस्टर मॉनिटरकडे बघत होत्या. "गिळल्याचा आवाज येतोय का?" त्यांनी हळूच विचारलं.

येत होता. तीन दिवसांनी नळी निघाली.